आमटी अळणी आहे की सपक?

संत्र्याची लिमलेटची गोळी घ्या. तोंडात टाकण्याआधी दोन बोटांनी नाक घट्ट दाबा, तोंड मिटा आणि गोळी चोखत राहा. पंधरा-वीस सेकंद गोड लागेल, थोडं आंबट लागेल, बस. गोळी संत्र्याची आहे, लिंबाची की अननसाची, हे डोळे मिटून सांगताच येणार नाही. आता नाक सोडा. पुढच्या श्वासाला संत्रं हजर.

गोळी तीच आणि जीभही तीच. बदललं ते एवढंच, की तोंडातली हवा घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढायला मोकळी झाली. घास चावताना त्यातून सुटणारे वासाचे रेणू पुढून नाही, तर मागून नाकाच्या छतापर्यंत पोचतात. तिथे माणसाकडे वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली या ग्राहकांची जनुकं शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जिभेची मूळ चवींची यादी त्यामानाने अगदीच तोकडी आहे. पण मेंदू या वासाची नोंद ‘तोंडातली चव’ अशीच करतो, त्यामुळे श्रेय सगळं जिभेला मिळतं. सर्दीत ‘तोंडाला चव नाही’ म्हणतो तेव्हा तोंड बहुधा ठणठणीत असतं, चोंदलेलं असतं ते नाक. कोविडमध्ये ‘चव गेली’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा मुख्यतः वास गेला होता. मीठ-साखर त्यांना कळत होती. कॉफी आणि कांदा कळत नव्हता.

आपल्या भाषेत या गोष्टी वेगवेगळ्या ठेवायची सोय आधीपासून आहे. अळणी म्हणजे मीठ नाही. सपक म्हणजे मीठ असूनही वास आणि तिखटाचा जोर नाही. खमंग हे काम नाकाचं. झणझणीत हे ना जिभेच्या चवीचं ना नाकाचं, ते वेदनेच्या नसांचं. खवट पुन्हा बहुतेक नाकाचं. प्रत्येक शब्द वेगळ्या यंत्रणेकडे बोट दाखवतो. घोळ होतो तो सगळ्याला मिळून ‘चव नाही’ म्हटल्यामुळे. मग सपक आमटीत मीठ वाढवलं जातं आणि ती खारट होते, पण सपक ती सपकच राहते.

जिभेवर नक्की काय आहे

चौपाटीवर काळा खट्टा गोळा खाऊन आरशात जीभ बघा. जांभळ्या रंगात गुलाबी ठिपके उठून दिसतील, टोकाकडे जास्त दाटीने. (घरी करायचं तर खायचा निळा रंग कापसाने लावा, तो जास्त स्वच्छ दिसतो.) हे ठिपके म्हणजे छत्रीच्या आकाराचे उंचवटे, आणि रुचिकलिका, म्हणजे चव टिपणाऱ्या पेशींचे बारीक झुबके, त्यांच्यात असतात. मध्ये जी बारीक खरखरीत लव रंग धरून बसते, तिच्यात एकही रुचिकलिका नसते; तिचं काम घास धरून ठेवायचं. जिभेच्या अगदी मागे, उलट्या ‘व्ही’सारख्या ओळीत आठ ते बारा मोठे गोल उंचवटे असतात. आरशात पहिल्यांदा ते दिसले की काहीजण गाठी समजून घाबरतात. ते तिथे असायलाच हवेत. कडांना मागच्या बाजूला घड्या असतात, त्यातही रुचिकलिका असतात, आणि थोड्या टाळूवर व घशातही.

एका रुचिकलिकेत साधारण ५० ते १०० पेशी असतात आणि त्या दर दहा-पंधरा दिवसांनी नव्या होतात. कटिंग चहाने जीभ भाजली की आठवडाभर सगळं बोथट लागतं आणि मग आपोआप सुधारतं, त्याचं कारण हेच.

‘टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू’ हा जिभेचा नकाशा अनेकांनी शाळेच्या वहीत रंगवलेला असेल. तो चुकीचा आहे. हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने १९०१ मध्ये जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेत किंचित फरक असल्याचं लिहिलं होतं. १९४२ मध्ये एडविन बोरिंगने त्याचा आलेख असा काही मांडला, की किंचित फरकाच्या जणू वेगळ्या हद्दी झाल्या. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्जने मोजमाप पुन्हा केलं, तेव्हा फरक नगण्यच निघाला. पडताळायला अर्धा मिनिट पुरतं: कापसाची काडी मिठाच्या पाण्यात बुडवून जिभेच्या टोकाला लावा. नकाशाप्रमाणे टोकाला फक्त गोड कळायला हवं. खारटच लागतं.

आणखी एक साधी तपासणी. स्वच्छ कागदी रुमालाने जीभ टिपून कोरडी करा आणि साखरेचे चार दाणे ठेवा. लाळ सुटेपर्यंत काहीच लागत नाही. विरघळल्याशिवाय कुठलाही पदार्थ रुचिकलिकेच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत जात नाही. तोंड कोरडं पडणाऱ्यांना, म्हणजे काही औषधं घेणारे, खूप वयस्क माणसं, मानेच्या भागाला किरणोपचार झालेले, यांना जेवण बेचव लागतं, त्याचं एक कारण हेच. अशांच्या ताटात कोरडी भाजी-पोळी वाढण्यापेक्षा पातळ आमटी, कढी, सार वाढावं. मीठ न वाढवताही फरक पडतो.

पाच की सहा

आजच्या शास्त्राप्रमाणे मूळ चवी पाच: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो, सुक्या मासळीतली भरीव चव). आयुर्वेदाचे रस सहा: मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. इथे भाषेची एक गंमत आहे. संस्कृतातला कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीत ‘कटु’चं ‘कडू’ झालं आणि अर्थही बदलला, त्यामुळे जुनी पुस्तकं वाचताना भलताच रस हाती लागतो. दोन याद्या जुळवल्या तर तिखट आणि तुरट जास्तीचे आणि उमामी गायब. जुनी यादी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. ती तोंडात जे जे जाणवतं त्याची यादी आहे, रुचिकलिकांची नाही.

पाचांचं काम दोन तऱ्हांनी चालतं. खारट आणि आंबट यांचा मामला सरळ आहे. मिठातला सोडियम पेशीच्या भिंतीतल्या दारातून थेट आत शिरतो. आंबटात आम्लाचे प्रोटॉन वेगळ्या दारातून शिरतात. गोड, कडू आणि उमामी यांना आधी कुलूप-किल्लीसारखा ग्राहक लागतो, मग पेशीच्या आत निरोपांची साखळी चालते. गोडाचा ग्राहक दोन भागांचा, उमामीचाही दोन भागांचा, आणि त्यातला एक भाग दोघांत सामाईक. कडूसाठी मात्र सुमारे २५ वेगवेगळे ग्राहक आहेत. झाडांमधली विषं बहुधा कडू असतात, तेव्हा पहारा तिथेच कडक असणार.

आकड्यांत सांगायचं तर साखर कळायला लिटरभर पाण्यात साधारण साडेतीन ग्रॅम लागते, मीठ अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त, आणि क्विनाइन हे कडू औषध काही मिलिग्रॅम पुरतं. माणसामाणसांत फरक असतो, काही कडू पदार्थांच्या बाबतीत तर फारच. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या हातून पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सला काहीच लागली नाही. २००३ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. कोबी, मुळा, मोहरी या कुळातला कडवटपणा कुणाला जास्त खुपतो हे काही अंशी त्याच जनुकावर ठरतं. ताटात कोबी टाकणाऱ्या मुलाला नेहमी नखरेलच म्हणावं असं नाही.

उमामीला मराठी शब्द नाही, पण पदार्थ भरपूर आहेत. टोकियोतल्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि या चवीला नाव दिलं. पिकलेल्या टोमॅटोत ते भरपूर असतं. सुक्या मासळीत त्याच्या जोडीला इनोसिनेट असतं आणि कोळंबी-जवळ्यात त्याचा चुलतभाऊ अ‍ॅडिनिलेट. ग्लुटामेट आणि हे भाऊबंद एकत्र आले की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी चढते. सुक्या बोंबलाच्या कालवणात टोमॅटो का शोभतो, याचं उत्तर इथे आहे.

म्हणूनच सुका जवळा करताना एक चूक फार महाग पडते. चौघांसाठी ५० ग्रॅम जवळा निवडून, मंद आचेवर कोरडाच तीन-चार मिनिटं भाजा, मग पाण्यातून दोनदा झटपट काढून पिळून घ्या. अर्धा तास भिजत ठेवून ते पाणी ओतलं, तर पाण्यात विरघळणारी ही सगळी दौलत मोरीत जाते आणि हातात उरतात नुसत्या सालपटी. वाळू आहे म्हणून भिजवायचाच असेल तर भिजवलेलं पाणी निवळू द्या आणि वरचं कालवणात घाला. मीठ अगदी शेवटी. मासळी खारवलेली असेल तर तिचं मीठ रश्शात उतरायला दहा मिनिटं लागतात, तोवर चाखून काही कळत नाही.

चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो म्हणजे हेच ग्लुटामेट, सोडियमबरोबर जोडलेलं. त्यात वजनाने १२ टक्के सोडियम असतं, मिठात ३९. ते विष नाही, पण हात सैल सुटला की सगळ्या पदार्थांची चव एकाच सपाट पातळीवर येते. माझी तक्रार तेवढीच.

तिखट ही चव नाही

लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात शिरलं की जिभेला काही लागायच्या आधी ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, मानेवर घाम येतो. रुचिकलिका ना डोळ्यात असतात ना मानेवर. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना सांगणाऱ्या नसांवर बसतं. या नसांवरचा ग्राहक एरवी साधारण ४३ अंशांच्या वर उघडतो, म्हणजे ‘भाजतंय’ हे सांगायचं त्याचं काम. कॅप्सेसिन तोच ग्राहक गारव्यातही उघडतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. मिसळीचा रस्सा कोमट झाल्यावर कमी तिखट वाटतो आणि उकळता असेल तर जीव घेतो, कारण तेव्हा उष्णता आणि कॅप्सेसिन एकाच दाराला धक्के देत असतात. मसाल्याचं माप त्यामुळे ज्या तापमानाला वाढणार, त्याच तापमानाला ठरवायचं.

मिरचीत कॅप्सेसिन बियांत तयार होत नाही. आतल्या ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात, तिच्यात होतं. बियांना ते नुसतं लागतं. भरल्या मिरच्या सौम्य करायच्या तर बिया झटकून भागत नाही, शीर खरवडून काढावी लागते. रंग आणि तिखटपणा यांचाही काही संबंध नाही. बेडगी रंगाला, लवंगी जाळाला. मालवणी मसाल्यात दोन-तीन जाती मिसळतात त्या एवढ्यासाठीच, आणि ‘यंदा मसाला लाल आहे पण तिखट नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा प्रमाणाची असते, भेसळीची नव्हे.

जाळ उतरवायला पाणी का चालत नाही? कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात-तुपात विरघळतं. गार पाणी तोंडात असेपर्यंत बरं वाटतं, गिळलं की आग परत. दूध-ताकातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. सोलकढीत नारळाच्या दुधाची चरबी असते, म्हणून माशाच्या तिखट जेवणावर ती शांत करते. नारळाच्या पावडरीची पाणीदार गुलाबी सोलकढी तेवढं करत नाही. साखरेचा खडाही मदत करतो, तिथे गोडाने मेंदूचं लक्ष दुसरीकडे वळतं. मिरच्या चिरून हात पेटले तर हाच नियम: आधी खोबरेल चोळा, मग भांड्याच्या साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने आग बोटाबोटांत पसरते.

मोहरीचं तिखट वेगळंच. ते जिभेवर थांबत नाही, थेट नाकात चढतं, कारण त्यातलं द्रव्य उडणारं आहे आणि कॅप्सेसिन उडणारं नाही. शिवाय अख्ख्या मोहरीत ते तयार अवस्थेत नसतंच. दाणा फुटून पाणी मिळालं की आतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतं आणि तेव्हा कुठे ते बनतं. केळ्याच्या किंवा काकडीच्या कोशिंबिरीसाठी मोहरी फेसतात ती याचसाठी. दोन चमचे मोहरीची पूड, तेवढंच किंवा थोडं जास्त गार पाणी, चमच्याने चार-पाच मिनिटं सपासप फेसा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मग नाक जवळ नेऊन बघा. झिणझिण्या आल्या पाहिजेत. नाही आल्या तर तीनपैकी एक झालं असतं: पाणी गरम होतं, लिंबू आधीच पिळलं, किंवा पूड जुनी. उष्णतेने विकर मरतं, आम्लाने मंदावतं. लिंबू आणि दही फेसून झाल्यावर. फोडणीत मोहरी तडतडते पण नाकात जात नाही, कारण तिथे विकराला काम करायची संधीच मिळत नाही. राहतो तो भाजलेल्या दाण्याचा वास.

तिरफळ तिसऱ्याच वाटेने जातं. बांगड्याच्या आमटीत आठ-दहा तिरफळं बी काढून, नुसती ठेचून टाकतात, वाटणात वाटत नाहीत. खाल्ल्यावर ओठ आणि जिभेचं टोक बधिर होतं, मुंग्या येतात. हे भाजणं नाही, स्पर्शाच्या नसांचं गोंधळणं आहे. याच कुळातल्या सिचुआन मिरीवर लंडनमध्ये २०१३ साली प्रयोग झाला. ओठांवरची ती झिणझिण सेकंदाला सुमारे ५० वेळा होणाऱ्या थरथरीसारखी जाणवते, असं आढळलं. चव म्हणून आपण जे मोजतो त्यात थरथरसुद्धा येते.

तुरटाबद्दल थोडक्यात. सुपारी, कच्चं केळं, जांभूळ, जास्त उकळलेला चहा यांतली टॅनिनं लाळेतल्या वंगणाच्या प्रथिनांना चिकटून गोळा करतात आणि जीभ टाळूवर घासायला लागते. तो पोत आहे, चव नव्हे. चहात दूध घातल्यावर तुरटपणा जातो, कारण टॅनिनं मग लाळेऐवजी दुधाच्या प्रथिनांना चिकटतात.

मीठ चाखताना

आपला भात बिनमिठाचा असतो, म्हणून पळीतून चाखलेली आमटी बरोब्बर लागली तर ताटात ती अळणी होणार हे धरून चाला. नुसतं प्यायच्या सार-सूपला वजनाच्या ०.८ ते १ टक्का मीठ बहुतेकांना पुरतं, म्हणजे लिटरला आठ ते दहा ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा पाच-सहा ग्रॅमचा. भाताबरोबरची आमटी याहून किंचित चढी लागते, आणि तिची खरी परीक्षा दोन चमचे भातात कालवूनच होते.

स्वयंपाक करणाऱ्याचीच आमटी खारट का होते? जीभ सरावते. दर दोन मिनिटांनी चाखत गेलं की लाळेत मीठ वाढतं, पाचव्या वेळी तीच आमटी फिकी वाटते आणि हात डब्याकडे जातो. दोनदाच चाखा. मध्ये कोमट पाण्याने चूळ भरा, मिनिटभर थांबा. उकळतं चाखू नका. चमचाभर वाटीत काढून, फुंकर घालून, बोट बुडवता येईल इतकं निवल्यावर घ्या. उकळत्या चमच्यात मीठ कळायच्या आधी जीभ भाजते.

खारट झालेल्या आमटीत बटाटा टाकायचा सल्ला घरोघरी दिला जातो. हिशोब करून बघा. एक लिटर आमटीत १५ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड टक्का. १०० ग्रॅमच्या बटाट्यात साधारण ८० ग्रॅम पाणी. मीठ त्यात पूर्ण मुरलं तरी दीडाचं १.४ होतं. बटाटा मीठ ओढून घेत नाही, आपल्या वाट्याएवढंच घेतो. कणकेच्या गोळ्याचंही तेच. एक टक्क्यावर यायचं तर अर्धा लिटर बिनमिठाचं काहीतरी, पाणी किंवा शिजलेली डाळ, घालायलाच लागतं. गूळ-चिंचेने खारटपणा झाकला जातो, कारण चवी एकमेकींना दाबतात. पण सोडियम तेवढंच राहतं. रक्तदाब असलेल्याच्या वाटीत ही युक्ती नको.

हीच दाबादाबी कामाचीही आहे. सोडियम कडूला दाबतो. कारल्याला मीठ चोळून अर्धा तास ठेवलं की कडू रस सुटतो तो एक फायदा, आणि उरलेल्या मिठाने राहिलेला कडवटपणा कमी कळतो तो दुसरा. अगदी खळाखळा धुतलं की दुसरा फायदा गेला. पुरणात चिमूटभर मीठ घातलं की पुरण खारट लागत नाही, गोड भरीव लागतं.

गोडाचं तापमानाशी फार जवळचं नातं आहे. गोडाच्या निरोपाच्या साखळीतला एक दुवा थंडीत मंदावतो. त्यामुळे कुल्फीचं आटवलेलं दूध कढईत गोडमिट्ट लागलं पाहिजे, तेव्हा गोठल्यावर ते नेमकं होतं. गरम असताना जिभेला बरोबर वाटलं म्हणून साखर थांबवली, तर साच्यातून निघते ती अगोड बर्फाची कांडी. श्रीखंड फ्रिजमधून काढून लगेच चाखून साखर वाढवायची घाई करू नये, तेही याच कारणाने: थंड असताना गोड कमी कळतं.

सपक आमटीकडे परत. मीठ बरोबर आहे हे नक्की झालं की पाहायचं ते वासाकडे. फोडणीतली वासाची द्रव्यं तेलात उतरतात आणि तेलाबरोबर सगळीकडे पसरतात. तेल पुरेसं तापलं नाही तर हिंग-जिरं कच्चं राहतं. दोन मिनिटं जास्त तापलं तर वास स्वयंपाकघरात उडून जातो आणि आमटीत करपटपणा उरतो. खमंगपणा येतो तो भाजण्यातून, साधारण १४० अंशांच्या पुढे. पाणी असेपर्यंत कढई १०० च्या वर जात नाही, म्हणून कांदा-खोबऱ्याच्या वाटणातला कांदा ओलसर असताना खोबरं टाकलं की कांदा शिजतो, भाजला जात नाही. असं वाटण कितीही घाला, आमटी दाट होईल, खमंग होणार नाही. त्यावर उपाय नवीन मीठ नव्हे, वरून एक ताजी फोडणी. कोथिंबीर आच बंद केल्यावर आणि झाकण लगेच.

चव खरंच गेली तर

नाक दाबून साखर, मीठ आणि लिंबू वेगवेगळं चाखा. तिन्ही नीट कळत असतील तर जीभ शाबूत आहे, तपासायचं ते नाक. नाक मोकळं असून एखादी चवच कळत नसेल किंवा सतत धातूसारखी चव येत असेल, तर आधी औषधांची यादी बघा. मेट्रोनिडाझोलने धातूची चव येते हे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असतं. कानाचं दुखणं किंवा शस्त्रक्रिया हेही कारण असू शकतं. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चवीची नस मधल्या कानातून, पडद्याला लागून जाते, हे बहुतेकांना ऐकून खोटं वाटतं. जिभेवरचा पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर मात्र घरगुती प्रयोग बंद करून तोंड दाखवून यायचं, सुपारी-तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच. दात घासल्यावर मोसंबीचा रस कडू लागतो, ते दुखणं नाही. टूथपेस्टमधला फेसाचा साबण थोडा वेळ गोड दाबतो आणि कडू वर आणतो. अर्धा तास थांबलं की पुरतं.

मसाला खरंच बदलला का

‘गेल्या वर्षीचा मसाला जास्त चांगला होता’ यावर वाद घालण्यापेक्षा तीन वाट्यांची चाचणी करा. दोन्ही मसाल्यांचा एकाच मापाने, एकाच बटाट्याच्या घाण्यातून रस्सा करा. मसाला, तेल, मीठ आणि पाणी वजनावर मोजून, डोळ्यांच्या अंदाजाने नाही. प्रत्येकासमोर तीन वाट्या ठेवा: दोनांत एकच रस्सा, तिसरीत दुसरा. वाट्यांवर अ-ब-क न लिहिता ३८२, ७१५, ४६९ असे कसेही आकडे टाका, कारण ‘अ’ला लोक उगाच झुकतं माप देतात. कुणाला कुठली जोडी द्यायची ते चिठ्ठ्यांनी ठरवा. रंगात फरक असेल तर दिवा मंद करा किंवा डोळे बांधा. रस्सा सगळ्यांना सारखाच गरम. मध्ये उकळून गार केलेलं पाणी आणि साध्या भाताचा घास, आणि तिखट असल्यामुळे दोन फेऱ्यांत निदान पाच मिनिटं. नळाचं पाणी तसंच दिलं तर कधीकधी क्लोरिनचा वास मध्ये येतो.

प्रश्न एकच विचारा: वेगळी वाटी कुठली? आवडली का, हे विचारू नका. निव्वळ अंदाजाने तिघांपैकी एक जण बरोबर येणारच. म्हणून सहा जण असतील तर पाच जणांनी ओळखायला हवं, दहांत सात, पंधरांत नऊ. दहापैकी सहांनी ओळखलं तर तेवढं नशिबानेही जमून जातं. मिरची गल्लीत जाऊन भांडण्याआधी आणखी पाच शेजारी जेवायला बोलवावे लागतील.